पाण्याचे पतंग

पाणी, बर्फ, कागद. हवेवर थोडा वेळ राहून नाहीशा होणाऱ्या काही वस्तूंची ही यादी आहे. बहुतेक पुण्यातल्या, काही पुण्याच्या आसपासच्या, दोन-तीन दूरच्या. त्या जपून ठेवता येत नाहीत, म्हणून निदान लिहून ठेवाव्यात. वस्तू टिकली नाही की तिच्यात काहीतरी खोट आहे असं आपण धरून चालतो. मला मात्र नाहीसं होणं हा पुष्कळ वस्तूंचा गुण वाटतो. तो का, ते यादीच्या ओघात सांगतो.

बर्फाचा पतंग

बर्फाचा पतंग उडेल का, हे आधी कागदावर हिशेब करून पाहता येतं. 30 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि दोन मिलिमीटर जाड अशी बर्फाची पापडी घेतली, तर तिचं वजन साधारण 165 ग्रॅम भरतं. तेवढ्याच पतंगी कागदाचं वजन दोन-तीन ग्रॅम. तरीही हिशेब अशक्य येत नाही. ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वारा असेल तर ही पापडी त्यावर तोलून धरता येईल. पण त्याच वाऱ्यात, 25 अंशांच्या हवेत, ती सात-आठ मिनिटांत वितळून जाईल, आणि दोरा बांधलेल्या जागी तर त्याच्या आधीच चिरेल. वितळलेलं पाणी ठिबकत जातं तसं तिचं वजनही उतरतं. म्हणजे उडायला ती सर्वांत लायक होते ती संपायच्या जरा आधी.

दुसरा मार्ग कापडाचा. जुन्या मलमलीचा तुकडा कामट्यांच्या फुलीवर ताणून बांधायचा, पाण्यात बुडवून निथळू द्यायचा आणि फ्रीजरमध्ये आडवा ठेवायचा. तासाभराने काढला की तो ताठ झालेला असतो. टिचकी मारली तर वाजतो. उजेडासमोर धरला तर विणीच्या एकेका भोकात बर्फाची बारीक काच बसलेली दिसते. सुताचे धागे त्यात आडवे-उभे अडकलेले. मग हातात धरलेल्या कोपऱ्यापासून त्याचं कापड होऊ लागतं. आधी बोटांच्या ठशांएवढ्या ओल्या जागा उमटतात, मग कडा लोंबतात, शेवटी मधला ताण सुटतो. जानेवारीतल्या पहाटेच्या पुण्यातसुद्धा त्याला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. पातळ केला तर हलका, पण लगेच संपणारा; जाड केला तर टिकाऊ, पण जमिनीला खिळलेला. या दोहोंमधली जाडी शोधणं हाच सगळा खेळ आहे.

थंडी आणि वारा

पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 1.7 अंश सेल्सिअस आहे. तारीख 17 जानेवारी 1935. वेधशाळेच्या तापमापकाने शून्य अजून पाहिलेलं नाही.

आकाश निरभ्र आणि हवा निवांत असली की इथली थंडी कडक होते. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडत राहते आणि तिच्यालगतची हवा गार होत जाते. वारा सुटला की वरची उबदार हवा खाली मिसळते आणि थंडी मोडते. जोराचा वारा येतो तो पावसाळ्यात, पश्चिमेकडून, आणि तेव्हा हवा दमट, कोमट असते. थंडी असते तेव्हा वारा नाही, वारा असतो तेव्हा थंडी नाही. बर्फाच्या पतंगाला दोन्ही एकदम हवेत. म्हणून तो पुण्यात हाताने करावा लागतो आणि घाईने पाहावा लागतो.

रामदास थर

1932 साली हवामान खात्याने पुण्यात कृषी-हवामानाचं काम सुरू केलं. त्याचे प्रमुख होते एल. ए. रामदास, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. शांत, स्वच्छ रात्री सगळ्यांत थंड जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, असं तेव्हा सर्वमान्य होतं. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी उघड्या जमिनीवर थोड्या थोड्या उंचीवर तापमान मोजलं. सर्वांत कमी तापमान जमिनीला चिकटून निघालं नाही. ते निघालं वीत-दोन वीत वर.

पुष्कळांना ही मोजण्यातली चूक वाटली. पुढे इतरांनाही तेच आढळलं आणि त्या थराला रामदासांचं नाव मिळालं. 1990च्या दशकात रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं गणित मांडलं. त्यावरचं काम नंतरही चालू राहिलं.

हा थर रात्री तयार होतो आणि ऊन आलं की मोडतो. जोराची झुळूकही त्याला पुरते. पुण्याच्या मातीवर, घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली, हवेचा एक थंड पदर रात्रभर पसरलेला असतो आणि आपण त्यातून चालत जातो. बर्फाचा पतंग पुण्यात सर्वांत जास्त वेळ टिकेल तो तिथे, म्हणजे जिथे पतंग उडवायचा कुणाच्या मनातही येत नाही तिथे.

दव

दव आकाशातून पडत नाही. गवताचं पातं हवेपेक्षा गार होतं आणि लगतच्या हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. इंग्लंडमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी लोकरीचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवून, सकाळी त्यांचं वजन करून हे दाखवलं; त्यांचा दवावरचा निबंध 1814चा. वरून काही आडवं धरलं तर खाली दव कमी धरतं, हे त्यांना दिसलं. झाडाखालचं गवत कोरडं राहतं ते याच कारणाने.

पुण्यात दव पाहायचं तर टेकडीवर जायला हवं, सूर्य अंगावर यायच्या आत. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव सर्वांत नीट दिसतं, कारण तिथे थेंब सुटे सुटे बसतात. उन्हाची तिरीप आली की एका कडेने ते जायला लागतं. दोरा राहतो, पाणी जातं. जाळं पुन्हा दिसेनासं होतं.

वेण्णा तलावाकाठचे हिमकण

पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत एक जागा आहे जिथे दव खरोखर गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी, एखाद्या कडाक्याच्या पहाटे, बोटींच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा पापुद्रा धरतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. गावात, बाजारपेठेत तापमापक शून्याच्या बराच वर असतो. तलावाची जागा खोलगट, तिथे डोंगरउतारावरची गार हवा घरंगळत येऊन साठते.

ज्याला हे हिमकण पाहायचे त्याने अंधारात निघावं. पर्यटक न्याहारी करून येतात तोवर धक्क्याची फळी नुसती ओली असते.

बर्फाची लादी

ही मात्र रोज बनते. बर्फाच्या कारखान्यात पत्र्याचे उभे डबे मिठाच्या थंड पाण्यात बुडवून ठेवतात. डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत येतं. विरघळलेली हवा आणि क्षार आत आत ढकलले जातात, म्हणून लादीच्या कडा काचेसारख्या नितळ आणि मधला गाभा दुधाळ दिसतो. लादी उन्हात नेताना गोणपाटात गुंडाळतात आणि लाकडाचा भुसा भरतात. भुश्यातल्या कोंडलेल्या हवेतून उष्णता आत जायला वेळ लागतो.

1833 साली 'टस्कनी' नावाचं जहाज बॉस्टनहून तळ्यातला बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. निघताना सुमारे 180 टन होता, चार महिन्यांनी सुमारे 100 टन पोचला. तो व्यापारही भुश्याच्याच भरवशावर चालला. दोन समुद्र आणि दोनदा विषुववृत्त ओलांडून जवळजवळ निम्मी वस्तू वाटेत गमावायची आणि उरलेली विकायची, हा धंदा माणसाने पन्नास-एक वर्षं केला. कृत्रिम बर्फ आला आणि तो धंदाही वितळला.

मीठ

पॉट आइसक्रीमच्या लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ घालतात. मिठाने बर्फ लवकर वितळतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढून घेतो. मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. ज्याला आइसक्रीम हवं त्याने बर्फ गमवावाच लागतो. एकाचं वितळणं म्हणजे दुसऱ्याचं गोठणं.

गार

पुण्यावर बर्फ आपण होऊन येतो तो गारांच्या रूपात. एप्रिल-मे महिन्यात दुपारपर्यंत तापून निघालेली हवा वर उसळते, ढग दहा-बारा किलोमीटरपर्यंत चढतो आणि वळवाच्या पहिल्या टपोऱ्या थेंबांबरोबर पत्र्यावर ताडताड सुरू होते.

गार मोठी होते ती वाऱ्यामुळे. सेंटिमीटरभर गार स्थिर हवेत सेकंदाला नऊ-दहा मीटर वेगाने खाली येते. तिला ढगात धरून ठेवायला तेवढाच वारा खालून वर वाहायला हवा. जोवर तो आहे तोवर गार वर राहते, आणि शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब तिच्यावर आदळून गोठत राहतात. वारा कमी पडला किंवा गार जड झाली की ती सुटते. वाऱ्यावर तोललेला बर्फ निसर्गाने असा केला आहे; त्याला दोरा नाही एवढंच.

गार धारदार सुरीने मधोमध कापली तर आत वलयं दिसतात: एक नितळ, एक पांढरं, पुन्हा एक नितळ. थेंब सावकाश गोठला तर आतली हवा निघून जाते आणि थर नितळ होतो. झटकन गोठला तर हवा अडकते आणि थर पांढरा होतो. आपला वरचा सगळा प्रवास गारेने स्वतःत लिहून ठेवलेला असतो. वाचायला मिनिटभर मिळतं.

2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली तेव्हा हाच बर्फ द्राक्षं, गहू, हरभरा, डाळिंबांवर पडला. तो काही तासांत वितळला. शेतकऱ्याचं नुकसान वर्षानुवर्षं राहिलं. नाहीशा होणाऱ्या वस्तू निरुपद्रवी असतात असं मी म्हणणार नाही.

खळं

चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो, असं जुनी माणसं म्हणत. खळं सूर्यालाही पडतं. पुण्यातून ते वर्षातून अनेकदा दिसतं, पण मान वर करायला हवी आणि सूर्य हाताने किंवा इमारतीच्या कोपऱ्याने झाकून घ्यायला हवा. हात लांब करून बोटं फाकवली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढी त्या कड्याची त्रिज्या. मोजून 22 अंश. ती नेहमी तेवढीच येते.

आठ-दहा किलोमीटर उंचीवर पिंजलेले पांढरे ढग असतात. ते सगळे बर्फाचे. बर्फाचा स्फटिक षट्कोनी असतो, आणि त्याच्या एका बाजूने शिरून एक सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडणारा किरण कमीत कमी 22 अंशांनी वळतो. म्हणून कडं तिथेच उमटतं. आतली कड तांबूस आणि रेखीव, बाहेरची पुसट.

या स्फटिकांपैकी काही पातळ, चपट्या षट्कोनी चकत्या असतात. पडताना हवेचा विरोध त्यांना आडवं करतो. सपाट अंग खाली करून त्या सावकाश उतरतात. सूर्य खाली कललेला असताना आकाशात अशा लाखो चकत्या एकाच पातळीत असल्या, तर खळ्यावर सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन उजळ ठिपके दिसतात, तांबूस बाजू सूर्याकडे. हवेने तोललेलं, पातळ, सपाट, बर्फाचं. बर्फाचा पतंग म्हणतात तो हाच, आणि तो पुण्याच्या डोक्यावर पुष्कळदा असतो. आकाराने मिलिमीटरचा काही भाग. खालच्या कोरड्या हवेत आला की त्याचं पाणीसुद्धा होत नाही. सरळ वाफ होते.

ढग सरकला की खळं तुटतं. आधी एक बाजू जाते, मग कमानीचे तुकडे राहतात. शेजारच्या माणसाला हाक मारून दाखवेपर्यंत बहुधा ते असतं. हाक मारावी.

महाबळेश्वरचा ढग

पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2012 साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी केली. जागा अशासाठी निवडली की पावसाळ्यात तिथे ढग गाठायला वर जावं लागत नाही. ढगच आवारात येतो. उपकरणं त्यातले थेंब मोजतात: किती, केवढे, कशाच्या कणावर बसलेले.

हीच संस्था 2009पासून विमानं ढगांत पाठवून मोजमापं करत आली. सोलापूरच्या आकाशात ढगांत क्षाराचे कण सोडून पाऊस वाढतो का, याचे प्रयोग झाले. पुण्याच्या पावसाळी आकाशात शून्य अंशाची रेषा साधारण पाच किलोमीटरवर असते. तिच्या वरही थेंब बराच काळ द्रव राहू शकतात. अगदी स्वच्छ, बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत. गोठायला त्यांना एखादा धुळीचा कण लागतो. उंच ढगांमधून आपल्या छत्रीवर आलेला थेंब अनेकदा आधी बर्फ असतो आणि वाटेत त्याचं पाणी झालेलं असतं.

ढगाच्या एका थेंबाचं आयुष्य काही मिनिटांचं. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं डोंगरावर यंत्रं लावून बसतात. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

हवामानाचा पतंग

1749 साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ अलेक्झांडर विल्सन आणि थॉमस मेल्विल यांनी एकापाठोपाठ बांधलेल्या पतंगांवरून तापमापक वर पाठवले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे शास्त्र झालं. पोलादी तार, पेटीच्या आकाराचे मोठे पतंग, त्यात तापमान आणि हवेचा दाब कागदावर रेखत जाणारं यंत्र. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या हवामान खात्यानेही अशा पतंगांनी वरची हवा मोजली. जर्मनीत लिंडेनबर्ग वेधशाळेची पतंगांची माळ 1 ऑगस्ट 1919 रोजी 9,740 मीटरवर पोचली.

हे पतंग थंड ढगातून जात तेव्हा न गोठलेले थेंब त्यांच्या कापडावर आणि तारेवर बसून गोठत. कुणी न करता झालेले हे बर्फाचे पतंग. वजन वाढे, आकार बिघडे, तार ताणली जाऊन तुटे आणि सगळी माळ कुठल्याकुठे जाऊन पडे. बर्फाने पतंग करता येतो तसा मोडताही येतो.

विमान आलं, फुगा आला, रेडिओ आला. हवामानाचा पतंग वेधशाळांतून गेला. तो उडवणारी, वाऱ्याचा ताण तारेवरच्या बोटाने ओळखणारी माणसंही गेली. हे कौशल्य लिहून ठेवता आलं नाही.

फुगा आणि कंदील

1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्याच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकरांनी सिमला ऑफिस हे नाव दिलं. 1944 साली मुख्यालय दिल्लीला गेलं. कार्यालय राहिलं, आणि चौकाला बर्फ पडणाऱ्या गावाचं नावही राहिलं.

वरचा वारा मोजायला हायड्रोजनचा फुगा सोडत आणि दुर्बिणीच्या कोनमापकाने त्याचा माग धरत. रात्री फुगा दिसत नाही, म्हणून त्याच्या खाली कागदाचा छोटा कंदील बांधत, आत पेटती मेणबत्ती. कोनमापकाला डोळा लावून एकाने कोन सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. ढगात गेला की नोंद थांबली. कंदील विझला की नोंद थांबली.

1948 साली अ‍ॅना मणी पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशातून आणावी लागणारी उपकरणं इथे बनावीत, म्हणून त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. फुग्याखाली बांधून वर पाठवायची उपकरणंही त्यांच्या कामात होती. असा फुगा तीसेक किलोमीटरवर जातो. वर दाब कमी, म्हणून तो फुगत फुगत जातो आणि शेवटी फुटतो. फुटेपर्यंत जे मोजलं ते खाली पोचलेलं असतं. आज वर्तवला जाणारा पाऊस अशा फुटलेल्या फुग्यांवर उभा आहे.

ओला दोरा

ढगातली वीज खाली आणायला बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1752 साली उडवलेला पतंग रेशमी रुमालाचा होता. दोरा भांगेच्या वाखाचा, पावसात भिजून वीज वाहणारा. हातातली फीत रेशमाची, कोरडी ठेवलेली. सगळा प्रयोग पाण्यावर अवलंबून होता: एका टोकाला ते हवं, दुसऱ्या टोकाला नको. दुसऱ्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये विजेचाच प्रयोग करताना शास्त्रज्ञ गेऑर्ग रिखमान सळईवरून आलेल्या विजेने गेले. पावसाळी ढगाखाली पतंग उडवू नये. हा मजकूर मुलं वाचत असतील तर त्यांच्यासाठी हे वाक्य महत्त्वाचं.

साबणाचा पडदा

पाण्याचा पतंग हवा असेल तर कामट्यांची चौकट करून साबणाच्या पाण्यात बुडवावी आणि वाऱ्यासमोर धरावी. पडदा शिडासारखा फुगतो, चौकटीला ताण देतो. त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. पाणी खाली निथळत जातं तसे रंगांचे पट्टे खाली सरकतात आणि वरची कड काळी होऊ लागते. तिथे पडदा इतका पातळ झालेला असतो की उजेड त्याच्यावरून दिसेल इतका परततच नाही. काळा पट्टा म्हणजे आता तो जाणार.

उडती मासोळी

आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली 'पुलस्त्य' नावाची इमारत आहे. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत होते. त्यातलं सर्वांत सोपं खेळणं बहुधा हे: कागदाची पट्टी घ्यायची, एका टोकाजवळ वरून आणि दुसऱ्या टोकाजवळ खालून अर्धी चीर द्यायची, चिरा एकमेकींत अडकवायच्या. मासा तयार. उंचावरून सोडला की गरगर फिरत खाली येतो.

खर्च शून्य. आयुष्य दुपारभर. पाय पडतो, चुरगळतो, रद्दीत जातो. मुलाजवळ राहतं ते एवढंच की हवा ही वस्तू आहे आणि ती कागदाला उचलते. गुप्ता यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. ज्यांची खेळणी टिकावीत म्हणून केलेलीच नव्हती अशा माणसाचा तो गौरव मला आवडला.

कागदी पतंग

एक ताव पतंगी कागद. बांबूच्या दोन कामट्या, एक उभी, एक वाकवून कमान. खळ. कडेने दुमडलेल्या कागदात एक दोरा. उभ्या कामटीलगत कागदाला दोन ठिकाणी भोकं पाडून बांधलेला दोऱ्याचा त्रिकोण.

कामटी सोलताना ब्लेड आपल्याकडून बाहेर न्यायचं. कमान दोन्ही बाजूंनी सारखी वाकायला हवी, म्हणून मधोमध बोटावर तोलून पाहायची आणि जड बाजू अजून थोडी खरवडायची. हे तोलणं म्हणजेच पतंग करणं. बाकी सगळं चिकटवणं.

संक्रांतीच्या आधी रविवार पेठेत बोहरी आळीत पतंगांचे गठ्ठे येतात. आता त्यांत प्लॅस्टिकचे पुष्कळ असतात, छापील चित्रांचे, पावसाने न भिजणारे. कागदी पतंग झाडावर अडकला तर पहिल्या वळवातच त्याचा कागद जातो. कामट्या राहतात, मग त्याही वाळून, मोडून खाली येतात. सुती दोरा कुजतो. पुढच्या संक्रांतीला झाड मोकळं असतं.

नायलॉनचा मांजा

या यादीत बसत नाही म्हणून शेवटी.

नायलॉनचा दोरा तुटत नाही, कुजत नाही, सहजी दिसतही नाही. 2017 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभर कृत्रिम मांज्यावर बंदी घातली. 2018 साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दुचाकीवरून जाणाऱ्या दोन महिलांचा गळा मांज्याने चिरला आणि त्यात त्या दगावल्या. अग्निशमन दलाचे जवान दर हिवाळ्यात झाडांवर, तारांवर अडकलेले कावळे, घारी, वटवाघळं सोडवतात. तरीही मांजा विकला जातो, कारण पेच जिंकायला तो बरा पडतो.

वरच्या सगळ्या वस्तूंनी आपलं काम केलं आणि जागा रिकामी केली. फुगा फुटला, दव उडून गेलं, कागद भिजला. नायलॉनच्या मांज्याचं काम एका दुपारचं, आणि जागा मात्र तो वर्षानुवर्षं अडवतो. खेळ संपल्यावर खेळाचं साहित्य जीव घेत राहतं, हे मला मान्य नाही. कुणाही पुणेकराला मान्य असू नये.

म्हणून एवढं करावं. घरात जुनी चक्री असेल तर तिचा मांजा कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करून बंद पिशवीतून कचऱ्यात द्यावा. फांदीवरून लोंबणारा हाताला येत असेल तर गुंडाळून काढावा. मुलांना दुकानात नेऊन साधा सुती दोरा मागायला शिकवावं, काच न लावलेला, कारण काचेची धार सुती मांज्यावरही पाखराचा पंख कापते. पेच थोडे कमी जिंकले जातील, पतंग थोडे जास्त कटतील. कटू देत. आज कटलेल्या पतंगाचा दोरा पुढच्या संक्रांतीच्या आत मातीत गेला पाहिजे. दोरा विकत घेताना हीच कसोटी लावावी.